एफ-टू काढताना ८५ टक्क्यांवर थांबा

कोल्हापुरात फार्मसीच्या मुलांचे प्रोजेक्ट बघताना एक चूक हमखास सापडते. दोन गोळ्यांच्या विरघळण्याची तुलना करताना आलेख सपाट झाल्यानंतरचे बिंदूही एफ-टूच्या, म्हणजे दोन्ही आलेख किती सारखे आहेत हे सांगणाऱ्या आकड्याच्या, सूत्रात घातलेले असतात. पंगत वाढली म्हणून तांबड्या रश्श्यात पाणी ओतावं, तसा खरा फरक पातळ होतो.

हिशेबच बघा. तीन वेळांना प्रत्येकी १२ टक्क्यांचा फरक असेल, तर एफ-टू येतो ४६, म्हणजे नापास; ५० तरी हवा. त्यातच शेवटचे, जेमतेम १ टक्का फरकाचे तीन बिंदू जोडले की तोच आकडा ५३. गोळी तीच, निकाल उलटा! म्हणून ८५ टक्के औषध विरघळल्याच्या पुढचा एकच बिंदू घ्या, आणि एकूण किमान तीन बिंदू. प्रत्येक बाजूच्या १२ गोळ्या.

दोन्ही गोळ्या १५ मिनिटांतच ८५ टक्के विरघळत असतील, तर एफ-टूची गरजच नाही.

आणि गोळी-गोळीतली तफावत बघायला विसरू नका, कारण एफ-टू फक्त सरासरी बघतो. सुरुवातीच्या बिंदूला २० टक्क्यांहून किंवा पुढे १० टक्क्यांहून जास्त सीव्ही (सरासरीच्या तुलनेत तफावत) असेल, तर बूटस्ट्रॅप, म्हणजे त्याच गोळ्यांचे आकडे पुन्हापुन्हा निवडून एफ-टू काढण्याची पद्धत, वापरा.