कल्पिटियाचं कमरेइतकं पाणी

जूनमध्ये कोकणात धो धो कोसळणारा नैर्ऋत्य मान्सून श्रीलंकेच्या वायव्य किनाऱ्यावर, कल्पिटियाला, जवळजवळ कोरडाच वाहतो. मे ते ऑक्टोबर हा तिथला मोठा हंगाम. वाळूच्या चिंचोळ्या पट्टीच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला लगून, म्हणजे पट्टीने अडवलेलं उथळ पाणी. लगूनचं पाणी कोमट, सपाट, कमरेइतकं. काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावर घसरणं) शिकायला याहून सोयीची जागा मी पाहिलेली नाही, आणि माझा घात त्या सोयीनेच केला.

हार्नेस (काइट अडकवायचा कमरेचा पट्टा), बार (काइट सांभाळायचा हातातला दांडा), विंड विंडो (वाऱ्यात काइट उडू शकतो तेवढं आकाश) हे तुम्ही वाचलं असेलच. संक्रांतीला पतंग उडवलेल्यांना एकच सांगते: घाबरल्यावर हात आपोआप ओढतात, आणि इथे बार ओढला की काइटचा जोर वाढतो. सोडा. ढील द्या. दोन दिवसांत जमतं.

आता बोर्डाचं, म्हणजे पायाखालच्या फळीचं. पडलात की बोर्ड पायातून निसटतो आणि पाण्यावर सावकाश वाहतो. तुमच्या कमरेला मात्र काइट बांधलेला, त्यामुळे तुम्ही त्याच्यापेक्षा वेगाने वाऱ्याबरोबर खाली जाता आणि बोर्ड मागे, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा येतो तिकडे राहतो. लगूनमध्ये मी उभी राहायचे, चालत जाऊन बोर्ड आणायचे. बहुतेक वेळा माझा प्रशिक्षकच आणून द्यायचा. किती चांगला माणूस, असं वाटायचं! आता वाटतं, त्याने माझं नुकसान केलं.

सहाव्या दिवशी पट्टी ओलांडून समुद्रात गेले. पडले. पाय खाली टेकवायला गेले तर तळच नाही. बोर्ड वीस-पंचवीस हातांवर दिसत होता आणि दर मिनिटाला लांब जात होता. शेवटी किनाऱ्याला लागले ती बरीच खाली, नाकातोंडात पाणी जाऊन, रडवेली.

मला येत नव्हता तो अपविंड बॉडी ड्रॅग: बोर्डाशिवाय, काइटच्या ओढीने पाण्यातून अंग ओढत वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाणं. काइट एका बाजूला, घड्याळातल्या दहा किंवा दोनवर धरायचा. एक हात बारच्या मधोमध, दुसरा पुढे पाण्यात ताठ. अंग कुशीवर, लाकडासारखं कडक; तेच तुमचं सुकाणू. दिशा वाऱ्याला जवळजवळ आडवी, किंचित वर. मग काइट दुसऱ्या बाजूला नेऊन उलट फेरी. असे नागमोडी वर चढायचं. बोर्डाकडे टक लावून बघू नका, अंग वळतं आणि चढलेलं सगळं वाया जातं. किनाऱ्यावरचं एखादं झाड नजरेत धरा. फेऱ्या लांब घ्या, छोट्या फेऱ्यांत माणूस जागीच राहतो.

बोर्ड दोरीने स्वतःला बांधायचा शॉर्टकट कुणी सुचवेल. बिलकुल नको. दोरी ताणली की बोर्ड उसळून थेट डोक्यावर येतो.

घाबरू नका मात्र. दुसऱ्या प्रशिक्षिकेने माझा बोर्ड काढून घेतला आणि गळ्याइतक्या पाण्यात दोन सकाळी फक्त ड्रॅग करायला लावला. मला तिचा राग आला होता. तिसऱ्या सकाळी तिने बोर्ड लांब फेकला आणि मी चार फेऱ्यांत तो गाठला. मला जमलं, आणि मला धड पोहताही येत नाही फारसं. (तुम्ही आधी पोहणं पक्कं करा, ते न करणं ही माझी चूक होती.)

पैसे भरण्याआधी विचारा: पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात बोर्डाशिवाय किती वेळ शिकवणार? उत्तरात नुसतं ‘इथे पाणी उथळ आहे, काळजी नको’ आलं, तर शेजारच्या शाळेत चौकशी करा.