कोंबड्या रात्री खुराड्यात शिरत नव्हत्या, त्यावरचा उपाय

तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात शिरेनात, तुरे फिकट पडले, अंडी घटली. जंताचं औषध दिलं, अंगाला राख चोळली, फरक शून्य. जीव मेटाकुटीला आला.

मग रात्री कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालून पांढरा कपडा फिरवला, तर रक्ताचे फराटे उमटले. लाल माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे! हे दिवसा फटीत दडतात, रात्री रक्त पितात. म्हणून इलाज खुराड्यावर हवा.

कोंबड्या बाहेर काढून सगळा भुसा जाळला. दांड्या उपसून त्यांच्या टोकांवर, खाचांत उकळतं पाणी ओतलं. उन्हात खडखडीत वाळवून टोकांना खाद्यतेल चोपडलं, मगच नवा भुसा. माइटच्या अंड्यांतून नवी पिढी साधारण 7 दिवसांत तयार होते, त्यामुळे आठवडा भरायच्या आत हेच पुन्हा केलं. ही दुसरी खेप अजिबात टाळू नका.