चोरीची फिर्याद कशी वाचावी

चोरीच्या बहुतेक फिर्यादींत एक वाक्य ठरलेले असते : 'कोणीतरी अज्ञात इसमाने माझी मोटारसायकल माझ्या संमतीशिवाय, स्वतःच्या फायद्याकरिता, लबाडीच्या इराद्याने चोरून नेली.' ठाण्यातला साचेबंद मजकूर म्हणून आपण ते ओलांडून पुढे जातो. परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मधले (१ जुलै २०२४ पूर्वीचे दंड संहितेचे कलम ३७८) घटक त्यातच आहेत, आणि त्यांपैकी एक जरी शाबीत झाला नाही तरी चोरीचा आरोप टिकत नाही.

आधी वस्तू पाहावी. ती जंगम असावी लागते. उभ्या झाडाची चोरी होत नाही, पण ते नेण्याच्या इराद्याने तोडून जमिनीपासून वेगळे केले की त्याच क्षणी होते. ओंडके ट्रकमध्ये चढण्याची वाट पाहावी लागत नाही.

नंतर ताबा पाहावा, कारण कायदा मालकी विचारत नाही. दुरुस्तीला टाकलेले घड्याळ आपलेच असले, तरी मजुरी बुडवण्यासाठी ते घड्याळजीच्या ताब्यातून उचलणारा मालक चोर ठरतो. उलट, विश्वासाने सोपवलेली रक्कम खजिनदाराने गिळली, तर तो न्यासभंग होतो आणि कलमही वेगळे लागते. संमती उघड असो वा गर्भित, ती ताबेदाराची किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाची असली म्हणजे पुरे.

खरी कसोटी इराद्याची. स्टेशनबाहेर लावलेल्या दोन सारख्या काळ्या दुचाकींपैकी दुसऱ्याचीच गाडी झिजलेल्या किल्लीने चालू झाली आणि ती आपली समजून घरी नेली, तर कृती पूर्ण आहे, पण लबाडी नाही. इरादा डोळ्यांना दिसत नसल्याने तो वर्तनावरून ताडावा लागतो : गाडी तशीच दारात उभी होती, की नंबरप्लेट बदलून चासीवरचा आकडा घासला होता, हे पंचनाम्यात बारकाईने शोधावे. 'स्वतःच्या फायद्याकरिता' हे शब्द मात्र कायद्यापेक्षा जास्तच मागतात, कारण दुसऱ्याचे गैर नुकसान करण्याचा हेतूही पुरतो. वस्तू कायमची ठेवून घेण्याचा बेत असण्याचीही गरज नाही. हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थीने जोधपूरहून परवानगीवाचून विमान उडवून पाकिस्तानात उतरवले, त्या के. एन. मेहरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली तात्पुरते नेणेही चोरीच मानले.

सर्व घटक जुळले तरी अपवाद तपासावेत. सात वर्षांखालील मुलाची कृती अपराध होत नाही. आणि वस्तू हलली नाही म्हणून फिर्याद लगेच बाजूला ठेवू नये : खिसेकापूने हात घातलेला खिसा रिकामा निघाला, तरी कलम ६२ खाली प्रयत्नाचा गुन्हा उभा राहतो.