मास्टर चार्ट भरायला बसण्याआधी

प्रबंधाचा विषय कसा निवडावा, सिनॉप्सिस कसा लिहावा, एथिक्स कमिटीपुढे काय काय ठेवावं, हे सांगणारे खूप भेटतात. भरलेल्या प्रोफॉर्म्यांचा, म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या किंवा विद्यार्थ्याच्या माहितीच्या कागदांचा, गठ्ठा शेजारी ठेवून मास्टर चार्टसाठी, म्हणजे सगळ्या नोंदींच्या एका तक्त्यासाठी, एक्सेलची कोरी शीट उघडली की पुढे काय, ते मात्र कुणी सांगत नाही. गाइड म्हणतात, ‘भरून टाका, स्टॅटिस्टिशियन बघतील.’ स्टॅटिस्टिशियन फाइल बघतात, कागद नाही. फाइलमधली तारीख कागदावरच्या तारखेशी जुळते की नाही, हे त्यांना कळायला काही मार्गच नसतो. एमडीचा प्रबंध असो, एम.एड.चा असो की अर्थशास्त्रातली पीएचडी, आकडे बिघडतात ते बहुतेक वेळा या मधल्या टप्प्यात, आणि बिघडताना आवाज होत नाही.

आधी तारखांबद्दल, सविस्तर. कंटाळा आला तरी हा भाग सोडू नका.

आपण ०५/०३/२०२३ लिहितो तेव्हा आपल्या मनात ५ मार्च असतो. संगणकाची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल, आणि नव्या लॅपटॉपवर ती पुष्कळदा तशीच असते, तर एक्सेल ही तारीख ३ मे म्हणून साठवतं. १४/०३/२०२३ लिहिलं तर चौदावा महिना नसल्यामुळे ती तारीख म्हणून घेतलीच जात नाही, नुसता मजकूर म्हणून सेलमध्ये राहते. म्हणजे एकाच रकान्यात दोन जाती तयार होतात: महिन्याच्या बारा तारखेपर्यंतच्या नोंदी उलटलेल्या, तेरापासून पुढच्या मजकूर झालेल्या. वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी १४४ दिवस असे दोन्हीकडून वाचता येतात. त्यातले ०५/०५ सारखे बारा उलटले तरी तेच राहतात. उरलेले १३२ दिवस चुकतात, म्हणजे वर्षाचे सुमारे ३६ टक्के.

खरा घात यानंतर होतो. रुग्ण किती दिवस दाखल होता हे काढायला डिस्चार्जच्या तारखेतून दाखल होण्याची तारीख वजा केली की मजकूर असलेल्या ओळींत त्रुटी दिसते. मग माणूस त्या ओळी शोधून हातानं नीट करतो. त्रुटी गेल्या, रकाना स्वच्छ झाला, जीव भांड्यात पडला. पण ज्या दिसत होत्या त्या मुळात बरोबर होत्या. चुकलेल्या होत्या त्या तारखेच्या वेशात गप्प बसलेल्या होत्या, आणि त्या तशाच राहिल्या.

आता हिशेब करून पाहा. ५ मार्चला दाखल, ९ मार्चला घरी: खरे ४ दिवस. दोन्ही तारखा उलटल्या की ३ मे ते ३ सप्टेंबर, १२३ दिवस. हा आकडा निदान डोळ्यांत खुपतो. २८ फेब्रुवारीला दाखल (ही तारीख हातानं नीट केलेली), ४ मार्चला घरी: खरे ४ दिवस, फाइलमध्ये ३४. २ मार्चला दाखल, १५ मार्चला घरी: खरे १३, फाइलमध्ये ४०. चौतीस आणि चाळीस हे आकडे जळिताच्या किंवा टीबीच्या वॉर्डात सहज खपून जातात. सरासरी वाढते, निष्कर्ष ठळक मानायचा की नाही हे जिच्यावरून ठरवतात ती पी-व्हॅल्यू बदलते, आणि चर्चेच्या प्रकरणात त्यावर परिच्छेद लिहिला जातो.

सेलचा फॉरमॅट बदलून हे सुधारत नाही. फॉरमॅट फक्त दाखवण्याची पद्धत बदलतो. आत साठवलेला ३ मे आता भारतीय क्रमानं ०३-०५-२०२३ असा दिसेल, इतकंच. यानं उलट जास्त फसायला होतं.

ओळखायचं कसं? रकान्याला मुद्दाम अलाइनमेंट दिलेली नसेल तर तारीख म्हणून साठलेल्या नोंदी उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटतो. शेजारच्या रकान्यात इज-नंबर (ISNUMBER) हे फंक्शन लावलं तर पक्कं कळतं, कारण एक्सेल तारीख आत संख्या म्हणून साठवतं. मग पिव्होट टेबल (एक्सेलचा गटवार मोजणी करून देणारा तक्ता) करून महिनावार मोजणी करा. अभ्यास जानेवारी ते जूनचा आणि नोंदी ऑक्टोबरच्या, असं दिसलं तर उलटापालट झालेली आहे. अभ्यास दीड वर्षाचा असेल तर ही खूण लपते. तेव्हा तारखेतला दिवस वेगळा काढून बघा: हातानं नीट केलेल्या सोडून, तारीख म्हणून साठलेल्या एकाही नोंदीत १२ च्या पुढचा दिवस नसेल, तर उत्तर मिळालं.

सगळी भरणी एकाच संगणकावर झाली असेल तर घाबरू नका, हे सूत्रानं परत फिरवता येतं. जुना रकाना जसाच्या तसा ठेवून नव्या रकान्यात, हातानं नीट केलेल्या नोंदी सोडून, दिवस आणि महिना यांची अदलाबदल करा. अर्ध्या नोंदी हॉस्टेलच्या लॅपटॉपवर आणि अर्ध्या विभागातल्या संगणकावर भरल्या असतील, तर रकान्याकडे बघून कुठली तारीख कुठली हे सांगता येत नाही. मग प्रोफॉर्मे काढा आणि एकेक तारीख ताडून बघा. त्याला दुसरा उपाय नाही. म्हणून ‘नोंद कुणी केली, कुठल्या संगणकावर’ हा एक रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.

हे सगळं टाळायला लागतात दहा मिनिटं. दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने करा आणि तीन साधे आकडे भरा. किंवा रकाना आधी टेक्स्ट करून २०२३-०३-०५ असं, वर्ष पुढे ठेवून लिहा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल डबल क्लिक करून उघडू नका. डेटा मेनूतून आयात करा आणि तारखेचा रकाना टेक्स्ट म्हणून निवडा. २०२३ पासून एक्सेलमध्ये आपोआप रूपांतर बंद करायची सोय आली आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. ती आघाडीची शून्यं, लांब क्रमांक आणि सलग अक्षर-आकड्यांपासून बनणाऱ्या तारखा यांच्यासाठी आहे. तिरक्या रेघांच्या तारखांना ती हात लावत नाही.

एक्सेलच्या या आपोआप तारीख करण्याच्या सवयीमुळे जनुकशास्त्रज्ञांना अखेर जनुकांचीच नावं बदलावी लागली. ‘सेप्ट२’ (SEPT2) हे जनुकाचं नाव लिहिलं की एक्सेल २ सप्टेंबर करायचं. २०२० मध्ये नामकरण समितीनं त्या कुळाचं नाव ‘सेप्टिन’ केलं.

क्रमांकांचंही असंच. शाळेचा यू-डायस कोड, म्हणजे सरकारी नोंदीतला क्रमांक, ११ अंकी असतो. महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो म्हणून तो टिकतो, पण दिल्लीचा ०७ नं सुरू होतो आणि पुढचं शून्य गळतं. मग दोन फाइली जोडताना त्या शाळा जुळतच नाहीत. सरल या महाराष्ट्राच्या शालेय नोंदणी प्रणालीतला विद्यार्थी आयडी १९ अंकी. एक्सेल १५ अंकांपलीकडे संख्या सांभाळत नाही, शेवटच्या चार जागी शून्यं येतात आणि वेगवेगळ्या मुलांचा क्रमांक एकच होऊन बसतो. ही हानी नंतर भरून निघत नाही. ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो टेक्स्टच हवा.

रिकामी सेल म्हणजे शून्य नाही. ‘विचारलं नाही’, ‘उत्तर दिलं नाही’, ‘लागू नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींना वेगळे कोड द्या. तयार सर्वेक्षण वापरणाऱ्यांनी तर कोडबुक, म्हणजे कुठल्या कोडचा अर्थ काय ते सांगणारी पुस्तिका, आधी वाचावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फाइलीत हिमोग्लोबिन ११५ दिसलं तर ते ११.५ असतं, आणि ९९४, ९९५ हे तपासणी का झाली नाही याचे कोड असतात. ते न काढता सरासरी घेणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. याच सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबं होती. त्यांतल्या माणसांची फाइल एक्सेलच्या १०,४८,५७६ ओळींत मावत नाही. ती आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्येच उघडा. ओळींची मर्यादा मोठ्यांनाही चुकलेली नाही: २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेकडून कमी ओळी मावणाऱ्या जुन्या एक्सएलएस फाइल-प्रकारामुळे कोविडचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले.

सॉर्ट करताना पूर्ण तक्ता निवडा. एकच रकाना सॉर्ट झाला की एकाचं वय दुसऱ्याच्या रक्तदाबापुढे जातं आणि तक्ता दिसायला अगदी व्यवस्थित राहतो. ड्यूक विद्यापीठातल्या कर्करोग-औषधांच्या संशोधनात जनुकांच्या याद्या एका ओळीनं सरकलेल्या होत्या. बॅगर्ली आणि कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी ते उघड केलं आणि २००९ मध्ये सविस्तर मांडलं.

सरकारी कर्ज फार वाढलं की देशाची आर्थिक वाढ खुंटते, असं राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी एका लेखात मांडलं होतं. अर्थशास्त्रवाल्यांना हे प्रकरण माहीत असतंच, पण ते अर्धवट सांगितलं जातं. २०१० च्या त्या लेखात सूत्राची कक्षा आखूड पडून पाच देश सरासरीतून सुटले, हे खरं. पण जास्त कर्जाच्या देशांचा वाढीचा दर त्यांनी उणे ०.१ टक्के काढला आणि फेरतपासणीत तो २.२ टक्के निघाला, या फरकाचा मोठा भाग काही देशांची काही वर्षं वगळण्यातून आणि भार देण्याच्या पद्धतीतून आला होता. मला त्यातली एक वेगळीच बाब जास्त महत्त्वाची वाटते: थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला ते सापडलं, कारण लेखकांनी मूळ शीट त्याला दिली. तुमची शीट उद्या कुणी मागितली तर ती देण्याजोगी असली पाहिजे.

विद्यापीठांच्या आसपास ‘डेटा अ‍ॅनालिसिस करून मिळेल’ अशा पाट्या असतात. माझं स्पष्ट मत आहे, तिकडे जाऊ नका. ते चाचण्या चालवून देतात, तुमचे कागद बघत नाहीत, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ते येत नाहीत. जामोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर आणि आर दोन्ही फुकट आहेत. प्रबंधाला लागणाऱ्या चाचण्या जामोवीत महिनाभरात येतात, गणिताची भीती असली तरी येतात. ‘आकडे जरा बसवून घ्या’ म्हणणारा सीनियर भेटला तर त्याच्यापासून लांब राहा, तो कितीही जीव लावत असला तरी.

भरणी झाली की दहा टक्के प्रोफॉर्मे दुसऱ्या कुणाकडून कोऱ्या शीटवर पुन्हा भरून घ्या आणि दोन्ही ताडून बघा. एखादाच फरक निघाला तर तो सुधारून पुढे जा. एकाच रकान्यात वारंवार फरक निघत असतील तर तो रकाना सगळ्या प्रोफॉर्म्यांसाठी नव्यानं भरा. मग ही फाइल ‘मूळ’ नावानं रीड-ओन्ली करून दोन ठिकाणी ठेवा आणि काम नेहमी प्रतीवर करा. प्रत्येक बदल वेगळ्या शीटवर लिहा: तारीख, ओळ, जुना आकडा, नवा आकडा, कारण. रुग्णांची किंवा मुलांची नावं आणि फोन मास्टर चार्टमध्ये नकोत. तिथे फक्त अभ्यास क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची यादी कुलपात.

स्टॅटिस्टिशियनकडे जाताना मास्टर चार्टसोबत कोडची शीट न्या. त्यात रकान्याचं नाव, त्याचा अर्थ, एकक, शक्य असलेली किमान आणि कमाल किंमत, आणि गहाळ नोंदींचे कोड हवेत. क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) मिलिग्रॅममध्ये आहे की मायक्रोमोलमध्ये, हे तिथंच लिहा. दोन लॅबचे रिपोर्ट मिसळलेले असतील तर लॅबचाही रकाना ठेवा.