मोसंबीची नवती, निंबोळी अर्क आणि ‘नॅनो’ कीडनाशके : आर्द्रा-पुनर्वसू नक्षत्रांतील सल्ला

मृगाचा पाऊस वेळेवर झाला, तर आर्द्रा नक्षत्रात जालना, अंबड, घनसावंगी आणि पैठण भागांतील मोसंबीच्या बागा नव्या नवतीने, म्हणजे कोवळ्या फुटीने, भरून येतात, मृग बहाराची फुले त्याच सुमारास उमलतात आणि कोवळ्या पालवीच्या मागोमाग सिट्रस सायला, काळी माशी व पाने पोखरणारी अळी बागेत शिरतात. नेमक्या याच दिवसांत बांधावरच्या कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडलेला असतो. कीड आणि तिच्यावरचे औषध एकाच वेळी हाताशी येत असूनही अनेक बागायतदारांची तक्रार असते की निंबोळी अर्क ‘लागू पडत नाही’. कडुनिंबाला नॅनो तंत्राची जोड दिल्याचे सांगून बाटल्या विकल्या जातात त्या याच तक्रारीवर उपाय म्हणून. त्या विकत घेण्यापूर्वी हे तंत्र नेमके काय करते, हे समजून घ्यावे.

कडुनिंबातील मुख्य घटक अझाडिरॅक्टिन. तो किडीला जागीच मारत नाही. तो खाल्लेली अळी किंवा पिल्लू खाणे कमी करते, त्याला नीट कात टाकता येत नाही आणि काही दिवसांत ते मरते. प्रौढ माशी मात्र फवारणीनंतरही उडताना दिसते. म्हणून दुसऱ्या दिवशी मेलेल्या किडी मोजून अर्काची परीक्षा करणे चुकीचे आहे. खरी अडचण वेगळीच आहे. हा घटक उन्हातील अतिनील किरणांनी पानावर काही दिवसांतच विघटित होतो आणि विम्लधर्मी पाण्यात त्याचा नाश आणखी वेगाने होतो. आपल्याकडील बहुतेक बोअरचे पाणी जड व विम्लधर्मी असते, त्यात कपडे धुण्याची पावडर मिसळली की द्रावणाचा सामू (पीएच) आणखी चढतो, आणि सकाळी कालवलेले द्रावण दुपारच्या उन्हात फवारले, तर झाडावर पोहोचणाऱ्या अर्कात कामाचा अंश फारसा शिल्लक राहत नाही. त्यात भर म्हणजे मोसंबीचे पान मेणचट असते; मोठे थेंब त्यावर न पसरता ओघळून आळ्यात पडतात.

नॅनो तंत्र याच दोन ठिकाणी उपयोगी पडते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. नेहमीच्या तेलकट कीडनाशकाचे पाण्यातील थेंब मायक्रोमीटरमध्ये (एक मायक्रोमीटर म्हणजे हजार नॅनोमीटर) मोजावे लागतात, तर नॅनो इमल्शनमधील, म्हणजे तेल पाण्यात अतिसूक्ष्म थेंबांत मिसळलेल्या द्रावणातील, थेंब साधारणपणे २० ते २०० नॅनोमीटर इतके बारीक असतात. तेवढ्याच तेलाचे असंख्य थेंब झाल्यामुळे ते पानावर समान पसरतात, मेणाच्या थराला चिकटून राहतात आणि लवकर वेगळे होऊन वर तरंगत नाहीत. दुसरी पद्धत आवरणाची आहे. कोळंबी व खेकड्याच्या कवचापासून मिळणारे कायटोसान, मक्यातील झीन हे प्रथिन किंवा लाकडातील लिग्निन यांच्या अतिसूक्ष्म कणांत अझाडिरॅक्टिन अथवा एखादे सुगंधी वनस्पतिजन्य तेल कोंडले जाते. ते कवच उन्हापासून आतील घटकाचे रक्षण करते आणि त्याला हळूहळू बाहेर सोडते. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल यांसारखे घटक तर उघड्यावर ठेवले की उडून जातात, त्यामुळे आवरणाचा लाभ त्यांना अधिक होतो. थोडक्यात, या तंत्राने कडुनिंबाचा अर्क अधिक जहाल होत नाही, तो अधिक टिकतो आणि अधिक ठिकाणी पोहोचतो. ‘एका फवारणीत सर्व किडींचा नायनाट’ असे कोणी सांगत असेल, तर तो दावा या विज्ञानाला धरून नाही.

याच टिकाऊपणामुळे आम्ही सावधगिरीचा आग्रह धरतो. साधा निंबोळी अर्क लवकर विरतो, म्हणून काढणीच्या तोंडावरही तो निर्धास्तपणे वापरला जातो. पण आवरणात जपलेला घटक फळाच्या सालीवर किती दिवस राहील, याचा अंदाज साध्या अर्कावरून बांधता येत नाही. काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी त्या विशिष्ट उत्पादनाच्या लेबलवर दिलेलाच पाळावा. निर्यातीसाठी द्राक्ष व डाळिंब पिकवणाऱ्या बागायतदारांनी याबाबत अजिबात तडजोड करू नये. मृग बहाराच्या फुलांवर मधमाशा येत असताना कोणतीही फवारणी टाळावी, आणि कडुनिंबाचे कोणतेही द्रावण शेततळ्यात किंवा विहिरीत जाऊ देऊ नये, कारण अझाडिरॅक्टिन पाण्यातील माशांना घातक ठरते. औषध वनस्पतिजन्य असले, तरी हातमोजे व तोंडाला मास्क हवाच.

खरेदी करताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. नॅनो युरिया आणि नॅनो डीएपी ही खते आहेत व त्यांना खत नियंत्रण आदेशाखाली मान्यता आहे. त्या मान्यतेचा कीडनाशकाशी काहीही संबंध नाही. कीडनाशकाला १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीची नोंदणी लागते. शेती व अन्नातील नॅनो उत्पादनांचे मूल्यमापन कसे करावे, याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०२० मध्ये जाहीर केली आहेत. म्हणून बाटलीवर नोंदणी क्रमांक, सक्रिय घटकाचे प्रमाण, पीक व कीड यांचा स्पष्ट उल्लेख, उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन असल्याशिवाय ती घेऊ नये, आणि घेतल्यास पक्की पावती घ्यावी. द्रावण पारदर्शक किंवा निळसर दिसते, एवढ्यावरून ते नॅनो आहे असे मानू नये. कित्येक साधी द्रावणेही तशी दिसतात. कडुनिंबाच्या पानांच्या रसात चांदीचे किंवा जस्ताचे कण तयार करून त्यांना ‘हरित नॅनो’ म्हटले जाते, तो प्रकारही वेगळा आहे. धातू विरून जात नाही, त्यामुळे नोंदणीशिवाय असे काहीही फळबागेवर फवारू नये. घरच्या मिक्सरमध्ये तेल आणि साबण फिरवून नॅनो इमल्शन होत नाही. त्यासाठी उच्च दाबाची किंवा ध्वनिलहरींची यंत्रे आणि थेंबांचा आकार मोजण्याची सोय लागते.

मात्र या तंत्रामागचे तत्त्व घरच्या अर्कालाही लावता येते, आणि या हंगामात आम्ही त्यावरच भर देऊ. निंबोळ्या पिवळ्या झाल्या की रोजच्या रोज वेचाव्यात, गर धुऊन काढावा, बी सावलीत पातळ पसरून खडखडीत वाळवावे आणि गोणपाटाच्या पोत्यात हवेशीर ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते व बी वाया जाते. वाळवल्यानंतर तीन महिने ते आठ-दहा महिने हा वापराचा चांगला काळ समजावा, म्हणजे आज वेचलेले बी जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या आंबे बहाराला उपयोगी पडेल. मागील वर्षीच्या बियांचा हा काळ आता उलटलेला असतो, म्हणून सध्याच्या नवतीसाठी शक्यतो नोंदणीकृत अझाडिरॅक्टिन घ्यावे. पाच टक्के अर्कासाठी ५ किलो बियांची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून दुहेरी फडक्यातून गाळावी व पाणी घालून १०० लिटर द्रावण करावे. पाणी अर्कात मिसळण्यापूर्वी सामू पट्टीने तपासावे आणि तो ५ ते ६ च्या दरम्यान येईपर्यंत थोडे थोडे सायट्रिक आम्ल घालावे. अशा आम्लधर्मी पाण्यात साबण फुटून त्याचा चोथा होतो, म्हणून साबणाऐवजी चांगले पसरवणारे व चिकटणारे द्रव्य लेबलवरील प्रमाणात घ्यावे. द्रावण त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, बारीक थेंब देणाऱ्या नोझलने आणि मुख्यतः पानांच्या खालच्या बाजूने फवारावे.

खालच्या बाजूचा आग्रह विनाकारण नाही. काळी माशी आपली अंडी तिथेच चक्राकार रांगेत घालते. भिंगातून पाहिल्यास त्या वेटोळ्यातील अंडी आधी पिवळसर आणि नंतर काळसर होताना दिसतात. साधारण निम्मी अंडी उबलेली असताना केलेली फवारणी सर्वांत उपयुक्त ठरते, कारण पिल्ले पुढे कडक काळ्या कवचाखाली गेली की कोणताही अर्क त्यांच्यापर्यंत सहज पोहोचत नाही, आणि त्यांच्या चिकट स्रावावर कोळशी (काळी बुरशी) वाढून पाने-फळे काळी पडतात. सायलाची पिल्ले कोवळ्या शेंड्यावर पांढरे मेणचट दोरे सोडतात. ही कीड झाडाचा ऱ्हास करणाऱ्या ग्रीनिंग रोगाचा प्रसार करते, म्हणून तिचा प्रादुर्भाव वाढत असेल, तर केवळ कडुनिंबावर विसंबून न राहता परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

फळे पक्व होऊ लागली की फळमाशीचा प्रश्न उभा राहील. तिच्यासाठी वापरले जाणारे मिथाईल युजेनॉल हे नराला खेचणारे आमिष आहे. आपल्या कोरड्या हवेत ते पटकन उडून जाते व सापळा रिकामा पडतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील आणि कृषी महत्त्वाच्या कीटकांच्या राष्ट्रीय ब्यूरोतील संशोधकांनी २०१३ मध्ये हेच आमिष नॅनोजेलमध्ये बांधून दाखवले. ते शीतगृहाशिवाय नेता येते, त्याचे बाष्पीभवन मंदावते आणि पेरूच्या बागेत त्याने फळमाशीचे प्रभावी नियंत्रण केले. आमिष झाडावर फवारले जात नाही, त्यामुळे फळावर अंश राहण्याचा प्रश्नही येत नाही. नॅनो तंत्राचा हा उपयोग आम्हाला फळबागेसाठी सर्वांत आश्वासक वाटतो. असे आमिष हाती येईपर्यंत साध्या सापळ्यातील आमिष मुदतीत बदलत राहावे आणि गळलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत. रस शोषणाऱ्या पतंगावर यापैकी काहीच चालत नाही. त्याच्या अळ्या गुळवेल व वासनवेलीवर वाढतात, म्हणून कुंपणावरच्या या वेली पावसाळ्यातच काढाव्यात.

नोंदणीकृत नॅनो उत्पादन मिळाल्यास प्रथम दोन-तीन झाडांवर फवारून पाने करपत नाहीत ना, हे पाहावे. त्यानंतर एका ओळीवर ते, शेजारच्या ओळीवर वरीलप्रमाणे केलेला अर्क आणि तिसरीवर केवळ पाणी फवारावे. प्रत्येक ओळीतील ठरावीक झाडांच्या खुणा केलेल्या शेंड्यांवरील जिवंत पिल्ले फवारणीपूर्वी, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजून वहीत लिहावीत. सातव्या दिवसापर्यंत दोन्ही औषधांच्या ओळी सारख्या दिसू शकतात. जास्तीचे पैसे मोजायचे की नाही, ते चौदाव्या दिवसाच्या आकड्यांवरून ठरवावे.