गावच्या वाचनालयातली जुनी दप्तरं पावसाळ्यातून कशी जपावीत

गोव्यात जुनं घर मोडायला काढलं की माळ्यावरची ट्रंक कुणीतरी वाचनालयात आणून ठेवतं. आत मोडीतली बाडं, पोर्तुगीज विक्रीखतं, देवस्थानच्या महाजनांची यादी, तेओर म्हणजे जन्म-लग्नाच्या पोर्तुगीज नोंदींच्या नकला, जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रकं आणि आजोबांनी तावावर काढलेली वंशावळ. सरकारी नोंदवह्या पुराभिलेख खातं सांभाळतं. या घरगुती कागदांना गावच्या वाचनालयाशिवाय दुसरा वाली नाही.

देणगीपत्र भरून घ्या, सही घ्या, पोच द्या. ट्रंक आधी दुसऱ्या खोलीत ठेवून वाळवी आणि कसर आहे का ते पाहा, मगच ती संग्रहात न्या. बासनं ज्या क्रमानं बांधलेली आहेत तो क्रम मोडू नका. कुठला कागद कुणाशेजारी होता यावरूनच पुढे नाती लागतात.

आता ओल. या टप्प्याने मला सर्वांत जास्त झुंजवलं आहे आणि सर्वांत वाईट सल्ले याच बाबतीत मिळतात.

पहिला सल्ला, ‘एसी बसवा’. वाचनालयात एसी चालतो कामाच्या वेळेत. संध्याकाळी बंद झाला की जुलैतली ओली हवा फटींतून आत शिरते आणि गार पडलेल्या कपाटांवर, पुठ्ठ्यांवर दमट थर धरते. सकाळी पुन्हा एसी. रोजच्या या फुगण्या-आकसण्याने बांधणी सुटते, कागद वाकतो आणि बुरशीला हवा तसा ओलावा मिळतो. चोवीस तास चालवणार नसाल तर दप्तराच्या खोलीत एसी नकोच. दुसरा सल्ला, ‘खिडक्या उघडा, वारा खेळू द्या’. जानेवारीत जरूर उघडा. पावसाळ्यात बाहेरच्या हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते. तेव्हा खिडकी उघडणं म्हणजे ओल स्वतःहून घरात घेणं. तिसरा सल्ला डांबरगोळ्यांचा. त्या बुरशी थांबवत नाहीत, माणसाच्या श्वासाला मात्र बाधतात. वेखंडाची पुरचुंडी किड्यांसाठी ठेवायची तर ठेवा, पण ओलीवर तिचा काही उपयोग नाही.

करायचं ते असं. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या आणि आकडा रोज वहीत लिहा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरणारच. खोली निवडताना वर पाण्याची टाकी नाही, शेजारी न्हाणी नाही, पावसाचा मारा थेट भिंतीवर येत नाही, हे बघा. चिऱ्यांची भिंत पाणी पिते, म्हणून घडवंच्या भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच हव्यात. जून ते सप्टेंबर खिडक्या बंद, आतली हवा हलवणारा एक पंखा आणि हवेतली ओल शोषणारं डीह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू. त्याची नळी थेट मोरीत सोडा, नाहीतर रविवारी टाकी भरते आणि यंत्र बंद पडतं.

यंत्राला पैसे नसतील तर घट्ट झाकणाचे, रबरी कडा असलेले पॉलीप्रॉपिलीनचे डबे घ्या आणि ते जानेवारी-फेब्रुवारीतच भरून बंद करा. लोक मे महिन्यात भरतात. गोव्याच्या मेमध्ये हवा आधीच दमट झालेली असते. ती डब्यात कोंडली की डबाच बुरशीचं घर होतो. कोरड्या दिवसातल्या दुपारी कागद तासभर सावलीत उघडे ठेवून मगच आत घाला, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या. उघड्या कपाटात सिलिका जेल ठेवण्यात अर्थ नाही. रंग बदलणाऱ्या गोळ्या घ्या, म्हणजे केव्हा तापवून परत वाळवायच्या ते कळतं.

तरीही कागद भिजलाच तर बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. उन्हात घालू नका. सावलीत पंख्याखाली, मधे कोरे टीपकागद घालून वाळवा. ढीग मोठा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीने थोडा थोडा काढा. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीझरमध्ये कधीच नाहीत. बुरशी धरलीच असेल तर पूर्ण वाळल्यावर, मास्क लावून, खोलीबाहेर मऊ कुंचल्याने झटका. ओलं फडकं लावलं की डाग कागदात कायमचा मुरतो. मोडीतली काजळाची शाई पाण्याने पसरते. पोर्तुगीज कागदांवरची लोहयुक्त शाई ओलीत कागदच खाऊ लागते.

गुंडाळायला मांजरपाट, खळ जाईपर्यंत धुतलेला. लाल कापड नको, भिजलं की रंग सोडतं. लॅमिनेशन, सेलोटेप, स्टेपल, रबरबँड यांपैकी काहीही कागदाला लावू नका. लॅमिनेशन करून आणलेलं एखादं विक्रीखत हाती येतं तेव्हा पोटात तुटतं, कारण ते सोडवता येत नाही.

स्कॅन ४०० डीपीआयवर, टिफ (TIFF) या फाईलप्रकारात. एक प्रत वाचनालयात, एक दुसऱ्या गावात. मूळ कागद स्कॅननंतरही ठेवायचाच.

वंशावळीसाठी चवथीला त्या घरी जा. सगळे नातेवाईक एकत्र सापडतात आणि फोटोतल्या माणसांची नावं ज्येष्ठांकडून मिळतात. नाव, वाडा, कुळदेवता, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख फोटोमागे नको, वेगळ्या कागदावर लिहा. तावावर बहुधा मुलगेच मांडलेले असतात, म्हणून सुना-लेकींबद्दल मुद्दाम विचारा. लग्नात नाव बदलल्यामुळे एकाच बाईचे दोन नावांनी कागद निघतात. माहेरचं नाव आणि गाव जोडल्याशिवाय ती जुळत नाही. इथे जुन्या लग्नपत्रिका फार कामी येतात, त्या रद्दीत जाऊ देऊ नका. पोर्तुगीज कागदात शेणवीचं सिनाय झालेलं असतं. आहे तसंच उतरवा आणि शेजारी घरात चालतं ते रूप द्या. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि मालमत्तेचे तपशील वेगळ्या पाकिटात घाला आणि ते पाकीट घरच्यांच्या लेखी संमतीशिवाय कुणालाही देऊ नका.