जुनी डिझेल गाडी सकाळी स्टार्ट होत नाही, चढाला ओढत नाही? या चुका टाळा

जुनी डिझेल गाडी गॅरेजवर येते तेव्हा बहुतेक मालकांनी दुखणं आधीच ठरवलेलं असतं. ‘नोझल गेलेत’, ‘पंप उतरवा’, ‘टर्बो बसलाय’. (नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे इंजेक्टर, टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा.) यातलं महागात महाग काम आधी सांगायचं आणि दहा मिनिटांची तपासणी टाळायची, ही सवय मला मनापासून खटकते. डिझेल इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: वेळेवर पोचणारं डिझेल, भरपूर हवा आणि डिझेल पेटेल इतकी दाबाची उष्णता. यातलं काय कमी पडतंय हे गाडी स्वतः सांगते, आपण बघत नाही.

म्हणून पहिली चूक म्हणजे धुराकडे न बघणं. सेल्फ मारताना मागे सायलेन्सरपाशी एक माणूस उभा करा. सेल्फ जोरात फिरतोय आणि धुराचा पत्ता नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाहीये. अशा वेळी हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिनात आतली हवा तापवणारे प्लग, बदलून काय मिळणार? पांढरा धूर येतोय, डोळ्यांना झोंबतोय, कच्च्या डिझेलचा वास आहे, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. मग हीटर, सेल्फचा वेग, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेवर येणारा दाब) बघायचं. चढाला काळा धूर असेल तर हवा कमी पडतेय. निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पार्ट घ्यायला दुकानात जाण्याआधी एवढं तरी बघून घ्या.

गळती दिसत नाही म्हणजे गळती नाही, असं समजणं

माझा सगळ्यात जास्त जीव या चुकीवर जळतो.

जुन्नरकडच्या एका शिक्षकांची गाडी आली होती. जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल पंप, इंजिन ठणठणीत. तक्रार एकच: सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची तेव्हा कुठे गाडी चालू व्हायची, पण दुपारी नुसत्या इशाऱ्यावर चालू. आधीच्या गॅरेजात बॅटरी नवी झाली, चारही हीटर प्लग नवे झाले, नोझल तपासून आले, शेवटी पंप उतरवून कॅलिब्रेशनही (डिझेलच्या मापाची जुळणी) झालं. सकाळचा त्रास जसाच्या तसा.

मी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, “सर, रात्री गाडी उभी कशी असते?” त्यांचं अंगण उताराचं, गाडीचं तोंड वरच्या बाजूला. म्हटलं, “आज उलटी लावा, तोंड खाली करून, आणि सकाळी सांगा.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, “पहिल्याच सेल्फला चालू झाली हो!”

आता कारण कळायला सोपं आहे. असा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो, म्हणजे त्या पाईपात दाब नसतो, ओढ असते. पाईपाला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. खालची फरशी कोरडी राहते आणि मिस्त्री म्हणतो, ‘लीकेज नाही’. रात्रभर त्या चिरेतून एअर शिरते, डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं, आणि सकाळी रिकामा पाईप भरेपर्यंत सेल्फ मारत बसावं लागतं. तोंड खाली केलं की टाकी वर येते, डिझेल पुढेच थांबतं.

फिल्टर आणि पंपाच्या मध्ये मी हातभर पारदर्शक पाईप जोडला. सकाळी त्यात बुडबुड्यांची रांग दिसली. मग एकेक जोड बघत गेलो. शेवटच्या नोझलच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या वाटेला, जी छोटी रबरी टोपी असते ती उन्हातान्हात वाळून तडकली होती. नखाने दाबल्यावर चीर उघडायची, सोडली की मिटायची. टोपी आणि रिटर्नचे रबरी तुकडे बदलले, वॉशर नवे टाकले, एअर काढली. सगळा खर्च दोन माणसांच्या चहा-नाश्त्याइतका. पंप उतरवण्याचे पैसे मात्र सरांच्या खिशातून आधीच गेले होते.

तेव्हापासून सकाळची तक्रार घेऊन आलेल्या जुन्या गाडीचे रिटर्नचे रबर मी न विचारता बदलतो. चीर दिसो वा न दिसो.

हीटरचा दिवा विझला म्हणजे हीटर चालले, असं धरणं

इंडिकासारख्या प्री-चेंबरच्या, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटणाऱ्या, इंजिनांना थंडीत हीटर प्लगशिवाय गत्यंतर नाही. निफाडच्या थंडीत तर नाहीच. पण डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा बहुतेक गाड्यांत नुसत्या टायमरवर चालतो. चारपैकी दोन प्लग जळलेले असले तरी तो ठरल्या वेळी विझतो. अशी गाडी दोन सिलिंडरवर चालू होते, थरथरते, पांढरा धूर सोडते आणि मिनिटभरात शांत होते. मालक म्हणतो, ‘थंडीत असं होतंच.’ होत नाही.

तपासताना आणखी एक घोळ नेहमी दिसतो. चारही प्लगांना जोडणारी पट्टी तशीच ठेवून मीटर लावतात. मग एक जरी प्लग चांगला असला तरी चारही चांगले दिसतात. पट्टी आधी काढा, मग एकेक प्लग मोजा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो, जळलेला काहीच दाखवत नाही. कॉमन रेल गाडी, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाईपातून (रेलमधून) डिझेल देणारी गाडी, मात्र पुण्या-मुंबईच्या हवेत प्लगशिवायही चालू व्हायला हवी. तिथे लगेच प्लगवर घसरू नका.

कॉमन रेलमध्ये रेलचा दाब साधारण 200 बारपर्यंत पोचल्याशिवाय ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. गाडी थंड असताना पटकन चालू होते आणि गरम झाल्यावर रुसते, तर इंजेक्टरचं रिटर्न मोजा. चार रिटर्न पाईप चार बाटल्यांत सोडा. एका बाटलीत इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल आलं की दोषी सापडला. आणि हात जोडून सांगतो, जुन्या सवयीने कॉमन रेलचा नट सैल करून एअर काढू नका. चालू इंजिनात तिथला दाब हजार बारच्या वर जातो, ती धार कातडीतून आत घुसते.

पिकअप गेला की टर्बोच्या नावाने बिल फाडणं

टर्बो खरंच गेला असेल तर त्याचा शाफ्ट हाताला ढिला लागतो, पंखा घासल्याच्या खुणा दिसतात. हे न बघता टर्बो बदलू नका. बहुतेक वेळा फाटलेला असतो तो टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी होज, आणि तोही खालच्या बाजूने. गाडी जागेवर चालू ठेवून बघितलं तर काही दिसत नाही, कारण चीर उघडते ती चढाला टर्बोने दाब दिल्यावरच. होज काढा, उन्हात धरा, वाकवून बघा. क्लिपजवळ ओला काळा तेलकट डाग असेल तर हवा तिथूनच जातेय. त्यानंतर टर्बोचं नियंत्रण करणारे व्हॅक्यूमचे बारीक पाईप बघा, मग काजळीने अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह).

चाचणी ओळखीच्या चढावरच घ्या. मी पुण्याकडून खंबाटकी चढतो, तोच गिअर, तीच माणसं गाडीत. आणि इंजिनाचे आरपीएम वाढतात पण गाडी पुढे जात नाही, तर इंजिनाला दोष देऊ नका, क्लच घसरतोय.

बाकीच्या चुका थोडक्यात. बॅटरी ‘चांगली आहे, हॉर्न वाजतो’ म्हणू नका. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी, तिचे टर्मिनल आणि इंजिनाची अर्थ वायर आधी बघा. स्कॅनरने ‘रेल प्रेशर कमी’ सांगितलं म्हणजे पंप गेला असं नाही, चोंदलेला फिल्टरही तेच दाखवतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका, पंपाचं वंगणच डिझेल आहे. टायमिंग बेल्टच्या गाडीला धक्का स्टार्ट देऊ नका, जुना बेल्ट दात सोडतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. हीटर प्लगच्या गाडीत स्टार्टिंग स्प्रे तर अजिबात मारू नका. तो तापलेल्या प्लगवर नको तेव्हा पेटतो आणि पिस्टनच्या रिंगा तोडतो. दोन मिनिटांची घाई असलेल्या माणसांनी याच स्प्रेने चांगली इंजिनं घालवलेली मी पाहिली आहेत.

आणि डिझेल फिल्टर. पावसाळा संपला की त्याच्या तळाचा स्क्रू उघडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडत राहा, फिल्टर बदला, आणि टाकीच्या झाकणाचं रबर तपासा. पाणी बऱ्याचदा तिथूनच आत येतं.